पोटुशी बाई गप्प होते तेव्हा: घरच्यांनी आणि आशाताईंनी काय करायचं

खानापूर, बेळगाव, निपाणी, चिकोडी या पट्ट्यात गरोदर बाईला कुणी "बरं हाय न्हवं?" विचारलं की ती "हूं" म्हणते आणि विषय संपतो. मनाचं ती सांगत नाही. शरीराचं सांगते: डोकं भणभणतंय, छातीत धडधडतंय, घास गिळवत नाही, अंगात त्राणच नाही. घरचे म्हणतात डोहाळे असतील. दवाखान्यात रक्तवाढीच्या गोळ्या मिळतात. दोन्ही खरं असू शकतं, पण त्याच तक्रारींखाली नैराश्य दडलेलं असेल तर ते नऊ महिने तसंच राहतं.

बेळगावहून चोर्ला घाट उतरलं की गोवा. तिथल्या एका जिल्हा रुग्णालयात २७० आयांचा अभ्यास झाला आणि तो २००२ साली प्रसिद्ध झाला. बाळंतपणानंतर ६ ते ८ आठवड्यांनी त्यांतल्या २३ टक्के जणींना नैराश्य होतं. या आजारी आयांपैकी ७८ टक्के जणींना मनाचा त्रास गरोदरपणातच सुरू झालेला होता. म्हणजे ज्याला आपण बाळंतपणानंतरचा आजार म्हणतो तो बऱ्याचदा पोटुशी असतानाच घरात आलेला असतो. घरची ओढग्रस्ती, नवऱ्याशी बिघडलेलं नातं आणि मुलगा हवा असताना मुलगी होणं, यांचाही त्याच्याशी जवळचा संबंध त्या अभ्यासात दिसला. या तिन्ही गोष्टी आपल्याकडे कुणाला समजावून सांगाव्या लागत नाहीत.

डोहाळे कुठं संपतात

थकवा, झोपमोड, भूक कमी होणं हे गरोदरपणात सगळ्यांनाच होतं, म्हणून त्यांवरून काही ठरवता येत नाही. बघायचं ते वेगळं.

झोप: लघवीला उठली आणि परत डोळा लागला तर ते गरोदरपणाचं. पहाटे तीनला जाग येते आणि उजाडेपर्यंत ती वाशांकडं बघत विचार करत पडते, तर ते मनाचं. भूक: फोडणीच्या वासानं मळमळतंय पण आंबट काहीतरी खावंसं वाटतंय, हे डोहाळे. कशाचीच चव नाही, जेवले काय न जेवले काय सारखंच, हे वेगळं. थकवा: दुपारी दोन तास आडवं झाल्यावर थोडी हुशारी आली तर शरीर थकलेलं. दिवसभर पडूनही उठवत नसेल तर मनाकडं बघा.

आणि काही गोष्टी डोहाळ्यांत कधीच येत नाहीत. आवडीच्या गोष्टीतून जीव उडणं. "माझ्यामुळंच सगळ्यांना त्रास" असं सारखं वाटणं. "मी चांगली आई होणारच नाही." बाळ पोटात हललं तरी काही न वाटणं, किंवा त्याचा राग येणं. मरणाचा विचार. यांतलं काही रोजच्या रोज, दिवसातला बराच वेळ, सलग दोन आठवडे टिकलं तर थांबू नका. मरणाच्या विचाराला मात्र दोन आठवड्यांची अट नाही. तो एकदा आला तरी त्याच दिवशी हालचाल करायची.

काही जणी उदास दिसत नाहीत, चिडचिड्या होतात. आधी गरीब होती आणि आता उलट उत्तरं देते अशी तक्रार सासूनं केली, तर ती तक्रार म्हणून ऐकू नका. लक्षण म्हणून ऐका.

विचारायचं कसं

पहिली अट म्हणजे ती एकटी हवी. सासू, जाऊ, नवरा, कुणीही ऐकण्याइतक्या अंतरावर असेल तर उत्तर "बरं हाय" हेच येणार. घरात जागा मिळत नसेल तर अंगणवाडीला जाताना, सोनोग्राफीच्या रांगेत, दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी तपासणी असते तेव्हा वाटेत विचारा. "चल गं, जरा फिरून येऊया" एवढं कारण पुरतं.

दुसरी अट भाषेची. इथं सिस्टर कन्नड बोलणारी असते आणि नव्यानं चंदगड-गडहिंग्लजकडून लग्न होऊन आलेल्या मुलीला "आराम अदीरी?" एवढंच कळतं. ती मान हलवते आणि कागदावर "ठीक" असं लिहिलं जातं. वजन आणि रक्तदाब मोडक्यातोडक्या भाषेत चालून जातं, मन चालत नाही. मराठी येणारी दुसरी सिस्टर, आशा किंवा अंगणवाडी कार्यकर्ती बोलावून घ्या. दुभाषी म्हणून नवऱ्याला, सासूला किंवा शाळेत कन्नड शिकणाऱ्या घरातल्या पोराला बसवू नका. ज्या माणसाबद्दल सांगायचं असतं तेच माणूस कधीकधी दुभाषी होऊन बसतं.

मग आधी इकडचं तिकडचं बोला, आणि हे दोन प्रश्न याच शब्दांच्या जवळपास विचारा:

"गेल्या महिन्याभरात मन सारखं उदास, खचल्यागत झालंय का? पुढं काही चांगलं होणारच नाही असं वाटतंय का?"

"आधी जे करायला बरं वाटायचं, त्यात आता जीव लागंना असं झालंय का?"

एकालाही "होय" आलं तर सविस्तर प्रश्नावली. गरोदरपणासाठी एडिनबरा प्रश्नावली जास्त सोयीची आहे. तिच्यात दहा प्रश्न आहेत, गेल्या सात दिवसांबद्दलचे, एकूण गुण ३०. थकवा आणि भुकेचे प्रश्न तिच्यात नाहीत. झोपेचा आहे, पण तो "मन दुःखी असल्यामुळं झोप लागत नाही का" असा. त्यामुळं साध्या गरोदरपणाचे गुण त्यात मिसळत नाहीत. १३ किंवा जास्त गुण आले तर डॉक्टरांकडं पाठवायचंच. १० ते १२ असतील तर दोन आठवड्यांनी पुन्हा विचारायचं. दुसरी पीएचक्यू-९ ही नऊ प्रश्नांची असते. ती दोन आठवड्यांबद्दल विचारते आणि तिथं १० पासून पुढं डॉक्टरांना दाखवायचं.

गुण मोजताना एक चूक फार होते. एडिनबरात पहिल्या, दुसऱ्या आणि चौथ्या प्रश्नाच्या पर्यायांचे गुण वरून खाली ०, १, २, ३ असे आहेत. बाकी सगळ्यांचे उलटे, ३, २, १, ०. सरसकट एकाच दिशेनं बेरीज केली तर आजारी बाई चांगली ठरते. वाचता न येणाऱ्या बाईला प्रश्न वाचून दाखवताना चारही पर्याय वाचा. आपण घाईत मधला पर्याय सुचवतो आणि ती त्यालाच हो म्हणते.

बेरीज म्हणजे निदान नव्हे. निदान डॉक्टरच करतात. पण एडिनबराचा दहावा आणि पीएचक्यूचा नववा प्रश्न, म्हणजे स्वतःला इजा करण्याचा, बेरजेवर अवलंबून नाही. बाकी सगळे शून्य असले आणि तिथं एक गुण असला, तरी पुढचा भाग आधी वाचा.

मरणाचा विचार आहे असं ती म्हणाली तर

असं विचारल्यानं मनात नसलेला विचार येत नाही. उलट कुणीतरी विचारलं याचाच आधार होतो. आडवळणानं नको, सरळ विचारा: "जीव द्यावा असं मनात येतंय का? कसा द्यायचा ते ठरवलंयस का?" कसं ते ठरलेलं असेल आणि साधन हाताशी असेल तर धोका मोठा आहे.

"कुणाला सांगणार नाही" असं वचन देऊ नका. "तुझा जीव वाचवायला ज्याला सांगावं लागेल त्यालाच सांगीन" असं म्हणा.

तिला एकटी सोडू नका, रात्रीही नाही. आमच्या भागात घराघरांत उसाला, तंबाखूला, भाताला मारायची औषधं माळ्यावर नाहीतर न्हाणीत ठेवलेली असतात. ती त्याच दिवशी घराबाहेर काढा: शेतातल्या खोलीत कुलपात, आणि किल्ली दुसऱ्याकडं. उंदराचं औषध, तणनाशक आणि घरातल्या झोपेच्या, बीपीच्या जादा गोळ्यासुद्धा. हा टोकाचा विचार बऱ्याचदा थोडा वेळच तीव्र असतो. त्या वेळात डबा हाताला लागला नाही तर माणूस वाचतो. म्हणून हे काम समजावण्याच्याही आधी करायचं.

मग १४४१६ लावा. ही टेलि-मानस ही सरकारी सेवा आहे, फुकट आहे, रात्रंदिवस चालू असते. मराठीत बोलायचं आहे असं सुरुवातीलाच सांगा. धोका मोठा असेल तर फोनवर थांबू नका. १०८ बोलवून जिल्हा रुग्णालयाच्या तातडीच्या विभागात न्या.

औषध पिऊन झालं असेल तर उलटी करवू नका, मिठाचं पाणी, ताक, लिंबू काही पाजू नका. शुद्ध हरपत असताना ते श्वासनलिकेत जातं. डाव्या कुशीवर ठेवा, अंगावर सांडलेले कपडे काढा, डबा किंवा बाटली बरोबर घ्या आणि निघा. पोलीस केस होईल या भीतीनं लोक गावातल्याच डॉक्टरकडं वेळ घालवतात. रुग्णालय पोलिसांना कळवतं हे खरं, पण मानसिक आरोग्य कायदा २०१७ च्या कलम ११५ नुसार जीव द्यायचा प्रयत्न केलेल्या माणसावर तीव्र ताण होता असंच धरलं जातं आणि त्याला शिक्षा होत नाही. उलट काळजी घेण्याची जबाबदारी सरकारवर टाकलेली आहे.

रक्त, थायरॉइड, साखर

नैराश्यासारखंच दिसणारं काही शरीरातही असतं, म्हणून पहिल्याच आठवड्यात तपासण्या करून घ्या. हिमोग्लोबिन ११ च्या खाली म्हणजे रक्तक्षय, ७ च्या खाली म्हणजे गंभीर. थायरॉइड कमी काम करत असेल तर सुस्ती, उदासी, थंडी वाजणं हे सगळं होतं. टीएसएच ही एक साधी रक्ततपासणी त्यासाठी पुरते. साखर आणि रक्तदाब तर बघतातच. लोहाची गोळी रोज एक, १८० दिवस. चहाबरोबर नको, कॅल्शियमच्या गोळीपासून दोन तास लांब. चहा पिऊन लगेच गोळी घेतली की लोह अंगी लागत नाही आणि सगळे म्हणतात गोळ्यांचा उपयोग नाही.

इथं चूक होते ती अशी: रक्त कमी निघालं की सगळ्यांना हायसं वाटतं आणि मनाचा विषय बंद होतो. दोन्ही एकत्र असू शकतं. हिमोग्लोबिन वाढलं आणि तरी बाई तशीच, तर परत दोन प्रश्नांवर या.

घरात काय बदलायचं

"आम्हाला नाही का झाली पोरं", "पोटातल्या बाळाचा तरी विचार कर", "देवाचं नाव घे, बरं वाटेल" ही तीन वाक्यं मायेनं म्हटली जातात आणि तिन्हींनी बाई आणखी आत जाते, कारण ती आधीच स्वतःला दोष देत असते. त्याऐवजी: "तुला जड जातंय हे दिसतंय मला. ह्यात तुझी चूक नाही. आज काय सगळ्यात जड वाटलं?" आणि मग गप्प बसायचं. उपाय सुचवायची घाई नको.

सौंदत्तीला, जोतिबाला जायचं असेल तर जा, नजर काढायची असेल तर काढा. त्यानं तिला धीर आला तर चांगलंच. फक्त देवर्षीनं "बाहेरचं आहे" म्हटलं म्हणून गोळी बंद, मारहाण, धुरी, उपास असलं काही होऊ देऊ नका.

कामाची वाटणी बघा. निपाणीकडं बिड्या वळणारी बाई पाय मुडपून तासन्‌तास एका जागी बसते, तंबाखूच्या धुळीत. खानापूरच्या भागात भातलावणीला वाकलेली असते. रात्री ८ तास आणि दुपारी २ तास विश्रांती असा नियम घरानंच ठरवायला हवा. सून आपण होऊन आडवी पडत नाही. आणि शेवटी उरेल ते जेवायची पद्धत निदान या नऊ महिन्यांपुरती तरी मोडा. तिनं सगळ्यांबरोबर ताट घ्यावं.

आता मुख्य काम. नैराश्यात माणूस बरं वाटायची वाट बघत पडून राहतं, आणि पडून राहिल्यानं आणखी वाईट वाटतं. हे चक्र कामापासून उलटं फिरवायचं: आधी लहानसं काम, मन मागून येतं. पहिल्या आठवड्यात दोनच गोष्टी, प्रत्येकी दहा मिनिटं, ठरलेल्या वेळी. एक अशी की ज्यात पूर्वी जीव रमायचा: परड्यातली झाडं, रांगोळी, मैत्रिणीला फोन, रेडिओ. दुसरी अंग हलवणारी: संध्याकाळी उन्हं कलल्यावर गल्लीच्या टोकापर्यंत चालणं. रोज केल्यावर कॅलेंडरवर खूण, आणि शेजारी मन कसं होतं त्याला ० ते १० मधला आकडा. दुसऱ्या आठवड्यात चालणं १५ मिनिटं, चौथ्यापर्यंत २० ते ३०, डॉक्टरांनी विश्रांती सांगितलेली नसेल तर. आकडे महत्त्वाचे यासाठी की नैराश्यात बाईला सगळे दिवस सारखेच काळे वाटतात; मंगळवारी ३ आणि गुरुवारी ५ असं कागदावर दिसलं की तिला स्वतःला फरक कळतो.

हे फसतं कुठं? "रोज तासभर योगा" असं मोठं काम ठरवल्यावर. घरच्यांनी त्यावर पाळत ठेवल्यावर. आणि "फिरायला जमतं तर धुणंही जमेल" असं म्हटल्यावर. हे शेवटचं सगळ्यात जास्त घडतं, आणि दुसऱ्या दिवसापासून बाई उंबरा ओलांडत नाही.

विचारांचंही तसंच. "पहिलं पोट पडलं, हेही पडणार" असा विचार आला तर "असं बोलू नये" म्हणून तो जात नाही. त्याला धरून विचारा: डॉक्टरांनी मागच्या तपासणीत काय सांगितलं? ठोके ऐकलेस ना? मग आज आपल्याला खरंच काय माहीत आहे? शेजारच्या गोव्यात आणि पाकिस्तानच्या खेड्यांत या धर्तीचे उपचार साध्या, प्रशिक्षण दिलेल्या बायकांनी घरोघरी जाऊन दिलेले आहेत. मोठी पदवी नसलेल्या माणसालाही हे येतं, फक्त सातत्य लागतं: आठवड्याला एकदा, ३० ते ४५ मिनिटं, निदान सहा ते आठ वेळा.

नवरा लष्करात किंवा गोव्या-पुण्याला कामाला असेल तर रोजच्या फोनची वेळ ठरवा. ती वेळ टळली की तिचा तो दिवस जातो. आणि नवरा घरात असून मारत असेल, पिऊन त्रास देत असेल, तर हे वरचं सगळं त्या घरात चालणार नाही. तेव्हा आधी १८१ या महिला हेल्पलाइनला फोन, तातडीला ११२. माहेरचं एक माणूस, कपड्यांची पिशवी आणि तायी कार्डाची, म्हणजे गरोदरपणाच्या सरकारी नोंदीच्या कार्डाची, झेरॉक्स तयार ठेवा. "मुलगाच पाहिजे" हा दबावही छळच आहे. लिंग तपासायला नेणं १९९४ च्या कायद्यानं गुन्हा आहे हे घरातल्या मोठ्यांना स्पष्ट सांगा.

गोळ्या आणि दवाखाना

आधी प्राथमिक आरोग्य केंद्र किंवा तालुका रुग्णालय. कर्नाटकात "मनोचैतन्य" कार्यक्रमाखाली तालुका रुग्णालयात मंगळवारी मानसोपचारतज्ज्ञ येतात; येत्या मंगळवारी नक्की आहेत का ते आशाकडून विचारून घ्या, फेरा वाया जाणार नाही. बेळगावात बिम्स या सरकारी वैद्यकीय कॉलेजचं जिल्हा रुग्णालय आणि केएलईचं रुग्णालय आहे. अवघड केससाठी धारवाडचं डिमहान्स, म्हणजे मानसिक आजारांचं मोठं सरकारी रुग्णालय.

सौम्य त्रासाला बोलण्याचे उपचार पुरतात. मध्यम किंवा तीव्र असेल तर गोळी लागू शकते. गरोदरपणात सर्ट्रालिन बऱ्याचदा निवडतात, कारण तिचा अनुभव मोठा आहे. साधारण २५ किंवा ५० मिलिग्रॅमपासून सुरू करतात. पहिल्या आठवड्यात मळमळ, डोकेदुखी होते आणि मन मात्र तसंच राहतं. गुण यायला २ ते ४ आठवडे, कधी सहा लागतात. नेमक्या याच काळात "काही उपयोग नाही, वर बाळाला त्रास" म्हणून गोळ्या बंद होतात. बरं वाटल्यावरही निदान सहा महिने चालू ठेवावी लागते.

आधीपासून गोळ्या घेणारी बाई गरोदर राहिली की घरचे पहिल्याच दिवशी त्या बंद करतात. तसं करू नका; आजार उलटून येतो आणि न खाणारी, न झोपणारी आई बाळालाही घातक. त्याच आठवड्यात डॉक्टरांना भेटा. व्हॅल्प्रोएट नावाची गोळी मात्र गर्भाच्या मेंदू-मणक्याला अपाय करते, तिच्यासाठी त्याच दिवशी फोन करा. पूर्वी कधी फार बोलणं, झोपेशिवाय दिवस काढणं, वारेमाप खर्च असे दिवस आले असतील तर तेही सांगा, कारण मग उपचार वेगळे असतात. मेडिकलमधून आपल्या मनानं झोपेची गोळी आणू नका, आणि घटक न लिहिलेली भस्मं, काढे नकोत.

सातव्या महिन्यात माहेरी जाताना

इथं धागा तुटतो. ओटी भरली, डोहाळजेवण झालं, आणि बाई खानापूरहून चंदगडला किंवा कोल्हापूरहून निपाणीला गेली. राज्य बदललं, आशा बदलली, कार्ड बदललं. इकडच्या आशाला वाटतं ती गेली. तिकडच्या आशाच्या वहीत तिचं नावच नाही. माहेरी सांगितलंही जात नाही, कारण "सासरी लेकीचं मन बिघडलं" असं ऐकायला नको असतं.

निघण्याआधी आठवडाभर हे करा. तायी कार्डाच्या सगळ्या पानांची झेरॉक्स आणि मोबाईलवर फोटो. डॉक्टरांची चिठ्ठी इंग्रजीत, गोळीचं नाव, मिलिग्रॅम, सुरू केल्याची तारीख, शेवटचे गुण. कन्नडमधली चिठ्ठी पलीकडं कुणाला वाचता येत नाही. ३० दिवसांच्या गोळ्या बरोबर. इकडच्या आशानं तिकडच्या आशाला तिच्यासमोर फोन लावायचा आणि पहिल्या भेटीचा वार ठरवायचा. माहेरी पोचल्यावर आठवड्यात तिथल्या आरोग्य केंद्रात नोंद. माहेरच्या एका माणसाला, आईच असं नाही, वहिनी किंवा बहीण चालेल, सगळं खरं माहीत असलं पाहिजे. १४४१६ दोन्हीकडं चालतो.

बाळंत झाल्यावर तिसऱ्या-पाचव्या दिवशी रडू येतं, ते दोन आठवड्यांत आपोआप निवळतं. त्यापुढं टिकलं तर पुन्हा प्रश्नावली. पण पहिल्या दोन-तीन आठवड्यांत बाळंतीण रात्र-रात्र झोपत नाही आणि तरी थकत नाही, असंबद्ध बोलते, नसलेले आवाज ऐकते, बाळ आपलं नाही किंवा बाळात काही शिरलंय म्हणते, तर ती तातडीची अवस्था आहे. बाळ दुसऱ्याच्या हातात द्या, तिला एकटी सोडू नका, त्याच दिवशी रुग्णालयात न्या. उपचारांनी हा आजार चांगला बरा होतो.

दवाखान्यात बाळंत झालेल्या बाईकडं आशानं ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी घरी जायचं असतं. त्या सहाही भेटींत बाळाचं वजन घेऊन झालं की आईला बाजूला घेऊन तेच दोन प्रश्न विचारा, आणि उत्तर तारखेसह वहीत लिहा. म्हणजे ती सासरी परत येईल तेव्हा इकडच्या आशाच्या हातात ते पान असेल.